नऊ नंबरची कडी

गारखेडा, औरंगाबाद
रथसप्तमीनंतरचा सोमवार

प्रिय दमू,

पाकिटातला संक्रांतीचा हलवा वाटेत विरघळून पत्राला चिकटला होता. श्रीधरच्या नावावर एक गुलाबी दाणा बसला होता, तो नखाने सोडवताना थोडी शाई निघाली. बाकी सगळं वाचता आलं. दोनदा वाचलं, मग स्वयंपाकघरात डाळीच्या डब्याखाली ठेवलं आणि उत्तराला इतके दिवस लावले. कामात होते असं लिहिणार होते. कामात नव्हते.

आमच्या गल्लीतलं नऊ नंबरचं घर विकायला निघालंय, हे आमच्या धाकट्या मुलीने तुला परस्पर कळवलं आणि तू लगेच बेत केलास: अकोल्याच्या शाळेतली नोकरी सोडायची, भाऊजींच्या पश्चात राहिलेलं सगळं इथे गुंतवायचं आणि लेकाला, श्रीधरला, घेऊन माझ्या शेजारी यायचं. तू विचारलं आहेस की तुमच्या रहिवासी मंडळाची चिठ्ठी लागते म्हणतात, ती मिळवून देशील का. सभासद व्हायला काय करावं लागतं. तू लिहिलंस, मी मुलींची शिकवणी घेईन, श्रीधर झाडांना पाणी घालील, त्याला एकदा दाखवलेलं काम तो विसरत नाही. आणि शेवटी, बहुधा दुसऱ्या दिवशी, कारण शाई वेगळी आहे, लिहिलंस: ‘माझ्या मागे त्याच्या फाटकाशी थांबून कुणीतरी त्याला हाक मारावी, एवढंच हवंय. अकोल्यात ते होणार नाही. तुमच्या कॉलनीत होईल.’

हे वेड तुला माझ्याच पत्रांनी लावलं. गेली सहा-सात वर्षं मी तुला मंडळाची वर्णनं लिहीत आले आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं. आम्ही इथे आलो तेव्हा नुसते प्लॉट होते, काळी माती आणि बाभळी. पावसाळ्यात रिक्षावाला मोठ्या रस्त्यावरच उतरवायचा, चपला हातात घेऊन घरी यायचं. तात्यासाहेब तहसिलीतून निवृत्त होऊन आले आणि त्यांनी दारोदार जाऊन माणसं जमवली. मोकळ्या जागेत सतरंज्या टाकून पहिली सभा झाली. ते म्हणाले, “नगरपालिका आपली आई नाही, की रडल्यावर जवळ घेईल. ज्याला जे येतं ते त्यानं करायचं.” तेच आमचं घटनापत्र. रामकिसन वीज मंडळात आहे, त्याने खांब आणवले. आमच्या ह्यांनी बँकेतून घरी आल्यावर कडुलिंबाच्या रोपांना कुंपणं घातली. मला लिहिता येतं, म्हणून मी सेक्रेटरी झाले. अर्ज, निवेदनं, सभेचे ठराव, गणपतीचं निमंत्रण, सगळं माझ्या हातचं. तू कॉलेजात माझ्या रोजनिशीला हसायचीस ना, तीच सवय कामी आली. दमू, मला इथे पहिल्यांदा वाटलं की माझा काही उपयोग आहे. हे तुला आधी सांगते, कारण पुढचं वाचताना तुला वाटेल की मी या लोकांवर उखडले आहे. तसं नाही.

आता कडीचं सांगते. तू दिवाळीत आली होतीस तेव्हा पाहिलं असशील, पण अर्थ कळला नसेल. जायकवाडीचं पाणी आमच्यापर्यंत येतं ते शेवटच्या धापेवर. जोर नसतो, म्हणून प्रत्येकाने फाटकाच्या आत खड्डा खणून तळाशी नळ घेतलाय. तिथे बसायचं आणि बादल्या भरून वर द्यायच्या. वेळेचा भरवसा नाही, कधी पहाटे, कधी भर दुपारी. ज्याला आधी कळेल तो आधी भरणार आणि शेवटच्या घरांना फुसकारा मिळणार, यावरून पूर्वी रोज भांडणं. मग तात्यासाहेबांनी पद्धत घालून दिली. नळाला लाकडी बूच. पाळीने एकेका घरातलं माणूस कोपऱ्यावरच्या पहिल्या खड्ड्यापाशी बसणार, पाणी दिसलं की गल्लीतून फिरून प्रत्येक फाटकाची कडी वाजवणार. कडी वाजल्याशिवाय कुणी बूच काढायचं नाही. आधी आम्ही कडी वाजवत नव्हतो, ताट वाजवत होतो. पण ताटाचा आवाज नाल्यापलीकडच्या वस्तीत जायचा. त्यांचा एकच सार्वजनिक नळ आहे, तो आमच्याच पाइपावर, आणि तिकडे तो सुटला की इकडची धार करंगळीएवढी होते. म्हणून ताट बंद करून कडी आली. हा बदल मीच ठरावात लिहिला होता आणि कारण लिहिलं होतं, ‘आजारी व वृद्ध यांना आवाजाचा त्रास’. तुला मी त्या वेळी कौतुकाने कळवलं होतं की आमच्याकडे आजाऱ्यांचा किती विचार करतात.

नऊ नंबर म्हणजे सारजाबाई. करमाडची. नवरा गेला, जमीन दीर कसतो, मुलगा मिलिटरीत. घर मुलाने बांधलं, निवृत्त झाल्यावर राहायला, आणि तोवर आईला राखणीला ठेवलं. मोठ्या आवाजाची, मिश्री लावत सभेला येऊन बसणारी बाई. तात्यासाहेबांचं भाषण लांबलं की म्हणायची, “आवरा तात्यासाहेब, दूध उतू चाललंय माझं.” तिच्याकडे दूध नव्हतंच. आम्ही सगळे हसायचो, तात्यासाहेबसुद्धा. कडुलिंबाच्या खड्ड्यांना शेणखत तिने करमाडहून बैलगाडीने आणवलं. माझ्या सासूबाईंच्या तेराव्याला टँकर आला नाही, तेव्हा न विचारता तिने आपला हौद आमच्या आचाऱ्याला उपसून दिला, आणि मी आभार मानायला गेले तर म्हणाली, “आभार ठिवा तिकडं, लाडू द्या दोन.” कुणी गावाला गेलं की त्याची पाळीही तीच घ्यायची. कडी वाजवताना ती नुसती वाजवत नसे, वर ओरडायची, “उठा गं रान्यांनो, गंगा आली!” मंडळात भाग घ्यावा कसा, असं तू विचारलंस. तो तिने घेतला तसा घ्यावा, असं मी गेल्या वर्षीपर्यंत लिहिलं असतं.

गेल्या आषाढात तिच्या पाळीच्या दिवशी ती शेवटच्या फाटकाशी थांबली नाही. कडी वाजवण्याच्या नादात, की ठरवून, मला अजून सांगता येत नाही, ती तशीच नाला ओलांडून गेली आणि वस्तीतल्या चतुराबाईच्या पत्र्याच्या दारावर थाप मारून आली, “नळ आलाय वो!” तिकडून माणसांनी हंडे लावले. आमच्याकडे धार बारीक झाली, शेवटच्या तीन-चार घरांना काहीच आलं नाही. त्यात रामकिसनचं घर. त्याच संध्याकाळी सभा. रामकिसन तापलेला होता. सारजाबाईला कळेचना की झालं काय. “पाळी माझी व्हती, मी समद्यांना सांगितलं. पाणी काय तुमच्या बापजाद्यानं भरून ठिवलंय का? त्यास्नी सांगायचं नाय, असं कुठं लिवलंय? दावा की.” तात्यासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. कुठेच लिहिलेलं नव्हतं. आम्ही ते मुद्दामच लिहिलं नव्हतं. तात्यासाहेब शांतपणे म्हणाले, “काही गोष्टी लिहायच्या नसतात, सारजाबाई, समजायच्या असतात. तुम्ही चुकलात म्हणा, विषय संपला.” ती म्हणाली, “तान्हेल्याला सांगितलं ही चूक व्हय? मग म्या रोज करीन.” तिला वाटलं लोक हसतील. ती थोडी थांबलीही हसण्यासाठी. कुणी हसलं नाही.

दंड करावा, पाळी काढून घ्यावी, काय काय सूचना आल्या. तात्यासाहेबांनी सगळ्या बाजूला सारल्या. ते कुणावर अन्याय करत नाहीत. म्हणाले, “पाणी हा त्यांचा हक्क आहे, तो आपण तोडू शकत नाही. पण कडी वाजवणं ही आपण एकमेकांना दिलेली सेवा आहे. ती ज्यांना मान्य नाही त्यांना ती नको.” झालं. सारजाबाईची पाळी गेली आणि तिच्या फाटकाची कडी वाजवायची नाही, चूक कबूल करीपर्यंत. हात वर झाले. दमू, मी ठराव लिहीत होते, त्यामुळे माझा हात मोकळा नव्हता, असं मी रोजनिशीत लिहिलं. मग ते खोडलं. पेन खाली ठेवून मी हात वर केला होता.

आम्हाला वाटलं, फार तर दोन पाण्यांत येईल. सगळ्यांच्या फाटकांच्या कड्या वाजतात म्हणजे पाणी आलंच की, तेवढं ऐकून ती आपलं बूच काढील, आरडाओरडा करील आणि मग नियम मोडला म्हणून पुन्हा सभेत बोलावता येईल. तिने तसं केलं नाही. ती खड्ड्याशेजारी पाटावर बसायची, घागर-हंडे घासूनपुसून मांडलेले. इकडून आठ नंबरची कडी वाजायची, तिकडे दहाची, आणि ती बूच तसंच ठेवून बसून राहायची. “कडी वाजल्याबिगर बूच काढायचं नाय, हा तुमचाच नियम ना? म्या नाय मोडणार. तुम्हीच मोडा.” पाणी तिच्या पायाखालून पाइपातून पुढे जात होतं. मग ऊन चढल्यावर ती हंडा घेऊन नाल्यापलीकडे जायची आणि वस्तीच्या नळावरून भरून आणायची, डोक्यावर एक, कमरेवर एक, या वयात, सगळ्या गल्लीतून, सगळ्यांच्या फाटकांवरून. पहिल्यांदा बायका आत निघून जायच्या. नंतर जाईनाशा झाल्या. नंतर कुणाचं लक्षही जाईना.

माझ्या पाळीला ती फाटकाशी उभी असायची. कडीवर आतून हात ठेवून. मी जवळ आले की हात काढून घ्यायची, म्हणजे मला वाजवता यावी. पहिल्या खेपेला म्हणाली, “काय वो सेक्रेटरीणबाई, माझ्या फाटकाला करंट हाय का?” मी हसले आणि पुढे गेले. नंतर ती काही बोलत नसे, नुसता हात काढून घेई. मी पुष्कळ विचार केलाय की त्या वेळी मला काय वाटत होतं. वाईट वाटत होतं असं लिहिलं तर तुला बरं वाटेल. पण खरं असं की पहिल्या पाळीला वाईट वाटलं, दुसरीला राग आला, की ही माफी मागून मोकळी का होत नाही, आणि तिसरीपासून माझे पाय आठवरून थेट दहाकडे वळायला लागले, मला सांगावं लागेना.

दिवाळीत तू आलीस. पाडव्याला माझी पाळी होती आणि श्रीधर माझ्यामागे लागला. एवढा उंच मुलगा, दाढी आलेली, आणि माझ्या पदराचं टोक धरून चालत होता. प्रत्येक कडी वाजली की तोंडाने तसाच आवाज करायचा. नऊ नंबर सोडून मी पुढे झाले तर तो तिथेच थांबला. “मावशी, ही राहिली.” मी म्हटलं, चल. “राहिली ना ही.” त्याने हात पुढे केला, तो मी धरला. म्हटलं, ही नाही वाजवायची, त्या घरात कुणी नाही. सारजाबाई फाटकाच्या आत, माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. श्रीधर तिच्याकडे बघून म्हणाला, “आहे की. आजी आहे.” मी त्याला ओढत नेलं.

दुसऱ्या दिवशी, भाऊबीजेला, जेवणं झाल्यावर तू आमच्या धाकटीबरोबर औरंगपुऱ्यात साड्या बघायला गेलीस आणि श्रीधरला माझ्यापाशी ठेवलंस. मी भांडी आवरत होते. गल्लीतून कड्या वाजल्याचा आवाज आला. पाळी कुणाची हेसुद्धा कुणी विचारलं नाही, सगळे झोपेतून उठून, पाहुण्यांच्या अंगावरून उड्या मारत बादल्या घेऊन खड्ड्यांत उतरले. पाणी नव्हतं. मी बाहेर आले तर श्रीधर एकेक फाटक करत चालला होता, अगदी माझ्यासारखा, वाजवायचं आणि पुढे व्हायचं. तो आठला पोचला. वाजवली. मग नऊला पोचला आणि ती त्याने खूप वेळ वाजवली, आदल्या दिवशीची राहिलेली धरून.

सारजाबाई आतून धावत आली. मी तिला कधी धावताना पाहिलं नव्हतं. पदर खांद्यावरून घसरलेला, हातात हंडा, आणि ओरडत होती, “वाजली गं बाई, वाजली माझी!” ती इतकी घाईने खड्ड्यात उतरली की गुडघा फुटला. बूच उपसलं आणि हंडा लावला. आम्ही सगळे तोवर आपापल्या फाटकांत उभे होतो, रिकाम्या बादल्या घेऊन, एकमेकांकडे बघत, आणि हळूहळू कळत होतं की या मुलाने आपली फजिती केली. नळाने नुसता वारा सोडला, पिपाणीसारखा. रामकिसन आपल्या फाटकातून म्हणाला, “सारजाबाई, नीट बघा, हंड्यात विष्णूबिष्णू प्रगट झाले असतील.” आणि गल्ली हसली. आपली फजिती झाली होती ती तिच्यावर ढकलून मोकळी झाली. पाहुणे हसले, पोरं हसली. रोजनिशीत मी त्या दिवशी ‘सगळे हसले’ असं लिहिलं होतं. नंतर दुरुस्त करून ‘आम्ही हसलो’ केलं. श्रीधर टाळ्या वाजवत होता. सगळे हसतात म्हणजे काहीतरी छान झालं, एवढंच त्याला कळलं.

ती खड्ड्यातून वर आली, फाटक उघडलं आणि श्रीधरच्या थोबाडीत मारली. एक नव्हे, दोन. हात शेतावरचा. तो रडला नाही, कडीकडे बोट दाखवून म्हणाला, “वाजवली मी.” तेवढ्यात मी पोचले. संध्याकाळी तुला त्याच्या गालावर वळ दिसले तेव्हा मी सांगितलं की खेळताना फाटकावर आपटला. तू हळद लावलीस. तुझ्याशी खोटं बोलले त्याचं कारण मी शोधलं आणि मला एकच सापडलं: खरं सांगायचं तर सारजाबाईंनी का मारलं ते सांगावं लागलं असतं.

आता पुढची गंमत ऐक. ज्या लोकांना श्रीधरने उन्हात नाचवलं होतं, त्यांना दुसऱ्या दिवशी त्याचा एवढा कळवळा आला की काय सांगू. वेड्या लेकरावर हात टाकला! देवाघरचं पोर ते! रामकिसनची बायको तुम्हाला निरोप द्यायला चिवडा घेऊन आली होती, आठवतं? त्याच दिवशी सभा झाली. ठरलं की सारजाबाईंना समज द्यावी. समजेचं पत्र मी लिहिलं. चांगलं लिहिलं होतं, तात्यासाहेब म्हणाले, “यात एकही शब्द कडक नाही आणि तरी बाई वाचून बसेल.” तिला वाचता येत नव्हतं. ते तिला शाळेत जाणाऱ्या, चतुराबाईच्या नातीने वाचून दाखवलं.

मार्गशीर्षात तिने मुलाला बोलावून घेतलं आणि घर विकायला काढलं. सामान ट्रॅक्टरवर चढलं तेव्हा ती माझ्याकडे आली, पहिल्यांदाच आत न येता माझ्या फाटकाच्या बाहेर उभी राहून बोलली. “त्या लेकराला मारलं, तेवढं मनाला लागलंय. त्याच्या आईला सांगा. बाकी तुमच्या लोकांचं मला काय नाय.” तिच्या हातात फाटकाची कडी होती, स्क्रू काढून घेतलेली. मी तिच्याकडे पाहिलं असावं, म्हणून म्हणाली, “नेते बाई. तुम्हाला ती लागत नाय.” तेव्हापासून नऊ नंबरचं फाटक वाऱ्याने आपटतं. रामकिसनने त्याला सुतळी बांधली आहे.

तिचा निरोप तुला द्यायला मला दोन महिने लागले. तो दिला.

आता तुझ्या चिठ्ठीचं. मंडळाची चिठ्ठी कायद्याने लागत नाही, पण तिच्याशिवाय इथे कुणी घर घेत नाही, कारण पाळी मंडळाच्या हातात. तुझं पत्र मी काल रविवारच्या सभेत वाचून दाखवलं, शेवटची ओळ वगळून. वाईट कुणीच बोललं नाही. तुझ्या शिकवणीचं कौतुक झालं. आणि मग, बिचारा मुलगा, बिचारा मुलगा करत सगळे बोलले. एक म्हणाली, गरीब आहे हो, पण आमच्या मुली वयात आल्यात, हात कुठं ठेवील सांगता येतं का? रामकिसन म्हणाला, “रोज दुपारी कडी वाजली तर आम्ही रोज बादल्या घेऊन नाचायचं का?” मी उभी राहिले. हे मी केलं, दमू, ते लिहिण्याचा मला हक्क आहे. म्हटलं, शिकवलं की तो शिकतो, तो कुणाला त्रास देत नाही, तुम्हीच दिवाळीत त्याला देवाघरचं म्हणालात. बरंच बोलले. तात्यासाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “यमुनाताई, तुम्ही म्हणता ते बरोबर असेल. मग असं करू. त्या मुलाची हमी तुम्ही घ्या. आई आहे तोवर आणि आईच्या मागेही. दोन ओळी लिहून द्या, मी आत्ता इथेच चिठ्ठीवर सही करतो.” ते टोमणा मारत नव्हते. त्यांनी खिशातून पेन काढलं होतं. आमचे हे सतरंजीचा सुटलेला धागा गुंडाळत होते. सगळे माझ्याकडे बघत होते आणि कुणाच्याही मनात त्या वेळी विरोध नव्हता, मला स्पष्ट दिसत होतं. एका ‘हो’वर नऊ नंबर तुझं होतं.

मी ‘नाही’ म्हटलं. विचार करायला वेळ द्या, एवढंही म्हटलं नाही. रामकिसन म्हणाला, “घ्या! सख्ख्या मैत्रिणीला नको, तर आमच्या गळ्यात कशाला?” आणि लोक हसले, फार नाही, थोडे. मग तात्यासाहेब म्हणाले, “नकार कागदावर आणायचा नाही. बाई शिकलेल्या आहेत, समजून घेतील. ज्याला जे येतं ते त्यानं करायचं. यमुनाताई, तुम्हाला लिहिता येतं. मायेनं लिहा, म्हणजे त्या आपणहून माघार घेतील.” ते काम मी काल घेतलं आणि आज करते आहे. मायेनं लिहिलं आहे. माया खोटी नाही, हे तू ओळखशील, आणि त्यामुळेच हे काम माझ्याकडे आलं. हमी का घेतली नाही असं विचारशील. तू गेल्यावर मी दोन महिने, चार महिने त्याच्या फाटकाशी थांबून हाक मारीन. मग एक दिवस घाईत असेन. मग माझे पाय आठवरून थेट दहाकडे वळतील, त्यांना ते येतं. तो आत उभा राहील आणि माझ्यासाठी कडीवरचा हात काढून घेईल. हे मला कल्पनेने नाही, अनुभवाने ठाऊक आहे, म्हणून तू येऊ नकोस. तात्यासाहेबांना एक कार्ड टाक, ‘काही कारणाने घर घेण्याचा विचार सोडला आहे’, एवढं पुरे. पुढच्या रविवारच्या आत पोचलं तर ठराव घ्यावा लागणार नाही. श्रीधर अजून त्या कडीबद्दल विचारतो असं तू लिहिलं आहेस. पुन्हा विचारलं तर त्याला सांग, मावशी म्हणाली होती तसंच आहे, त्या घरात कुणी नाही. आता ते खरं आहे.

तुझीच,
यमुना